एका खुर्चीचा शौक

डहाणूच्या आमच्या घरात मागच्या बाजूला एक खोली आहे. त्या खोलीत पाच स्पीकर, एक मोठा सबवूफर, एक प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा आणि बरीच वर्षं एकच खुर्ची होती. पाहुणे विचारायचे, बाकीच्यांनी बसायचं कुठे? मी हसून विषय बदलायचो.

उत्तर तांत्रिक होतं. पाच स्पीकरांचा आवाज खोलीत एकाच जागी बरोबर जुळतो. समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांनी ऐकणाऱ्याच्या सरळ नजरेशी ३० अंशांचा कोन करायचा, मागच्या दोघांनी साधारण ११० अंशांचा, आणि सगळ्यांचं अंतर सारखं ठेवायचं. म्हणजे एक वर्तुळ काढायचं आणि त्याच्या केंद्रात एक माणूस बसवायचा. हे जगभर मान्य झालेलं मानक आहे. तो माणूस हातभर सरकला की जवळचा स्पीकर मोठा वाटतो आणि सगळं चित्र एका बाजूला कलतं. म्हणून खुर्ची एक. तिच्यावर मी.

हा शौक मला चाळीस वर्षं आहे. इतक्या वर्षांनी एक प्रश्न छळू लागला: घरात बसून पाहणं-ऐकणं हे एकट्याचं काम कधीपासून झालं? त्यासाठी मागे जावं लागलं.

सिनेमा आपल्याकडे आला तो गर्दीसाठीच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. तो पडदा घरात आणणं सोपं नव्हतं, कारण त्या काळची ३५ मिमीची फिल्म भडकन पेट घेणारी असे. १९२३ मध्ये कोडॅकने न पेटणारी १६ मिमीची फिल्म आणली आणि १९३२ मध्ये ८ मिमीची. तेव्हा कुठे घरच्या भिंतीवर सिनेमा शक्य झाला, आणि तोही श्रीमंतांच्या.

आवाज मात्र घरात आधी पोहोचला. फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. कारण साधं होतं. मूळ तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे रेकॉर्ड दाबल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं आवाज, पण तो विकत घेऊन घरी नेता येत होता. खरी गंमत पुढे झाली. ज्या घरात ग्रामोफोन आला, त्या घराच्या ओटीवर आळी जमू लागली. यंत्र एकाचं आणि ऐकणारे सगळे, हीच रीत पुढे रेडिओने चालवली आणि टीव्हीनेही.

आमच्या भागात ही रीत मी स्वतः पाहिली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, रंग १९८२ मध्ये आले, पण टीव्ही मोजक्याच घरांत होता. अब्बांनी घेतला तेव्हा अम्मीची पहिली चिंता ही की इतक्या माणसांना बसायला चटया पुरतील का. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. त्याचं चित्रीकरण आमच्या शेजारी, उंबरगावला होत असे. १९६० च्या आधी उंबरगाव ठाणे जिल्ह्यातच होतं. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्या तालुक्यातली ५० गावं गुजरातेत गेली आणि उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. त्यामुळे आमच्याकडे रामायण दिल्लीहून नव्हे, पलीकडच्या गावातून येतंय अशीच लोकांची भावना होती. साडेनऊच्या आत आमचं घर भरायचं. चपला दारापासून रस्त्यापर्यंत जायच्या. पुढे 'महाभारत' आलं आणि त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिलेत हे कळल्यावर अब्बा ते आल्यागेल्याला सांगत सुटले.

व्हिडिओचीही तीच गोष्ट. टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभराच्या भाड्याने यायचे, सोबत तीन कॅसेट. पैसे वर्गणीचे. पहाटे तिसरा सिनेमा संपेपर्यंत निम्मे प्रेक्षक झोपलेले असत, पण उठून घरी कोणी जात नसे.

याच काळात मला आवाजाचं वेड लागलं. टीव्हीच्या आतला स्पीकर फारच बारीक. मी मडक्याच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवला. आमच्या पिढीच्या अनेक पोरांनी हे केलं असेल. मडक्यातली हवा घुमते आणि ढोलकीला जरा पोट येतं. मग सकाळच्या गाडीने मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडला चकरा सुरू झाल्या. एसटीकेचा आयसी, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, किलोवर मिळणाऱ्या तारा. त्याच रस्त्यावर मिनर्व्हा टॉकीज होती, जिथे १९७५ पासून पाच वर्षं 'शोले' चालला. ७० मिमीचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली बघायचे, असं सांगतात. मला तसा आवाज डहाणूत हवा होता.

तो आवाज घरात कसा आला, याचा एक धागा भारतातून जातो. रे डॉल्बी हा अमेरिकन तंत्रज्ञ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत. टेपवर मागे सतत येणाऱ्या खरखरीवर काय उपाय करता येईल, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हाच घोळू लागला होता. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने स्वतःची कंपनी काढली. उपाय असा: ध्वनिमुद्रण करताना हलके, वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम वाढवून टेपवर घालायचे आणि वाजवताना तितकेच कमी करायचे. त्यांच्यासोबत खरखरही खाली जाते. घरच्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी बी' असं बटण असायचं, ते हेच. पुढे त्याच कंपनीने सिनेमागृहातला सराउंड आवाज १९८२ मध्ये घरापर्यंत आणला. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर थिएटरात डिजिटल आवाज आला, १९९६-९७ मध्ये डीव्हीडी निघाली आणि फाइव्ह पॉइंट वन हा शब्द आमच्यासारख्यांच्या तोंडी बसला.

माझी खोली तयार झाली ती त्यानंतर. भिंतींना गाद्या, खिडकीला जाड पडदा, दाराला रबराची पट्टी. बाहेरचं आत नको आणि आतलं बाहेर नको. आवाज अप्रतिम होता. आणि घरात कोणी येत नव्हतं.

कारणं मी बाहेर शोधली. घरोघरी टीव्ही आला, केबल आली. १९९२ चा डिसेंबर येऊन गेला होता आणि त्यानंतर कोणाच्या घरी किती वेळ बसायचं याचा हिशोब दोन्हीकडे होऊ लागला होता. यातलं बरंचसं खरं होतं. पण खोलीत खुर्ची एकच होती, आणि ती ना केबलवाल्याने ठेवली होती ना दंगलखोरांनी. ती मी ठेवली होती.

हे ध्यानात यायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली मुंबईची. १९९० मध्ये तिथे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. तिचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे सुरेश चांदवणकर पेशाने भौतिकशास्त्राच्या क्षेत्रातले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड जमवणारी माणसं तशी कंजूष म्हणून प्रसिद्ध. कपाटाला कुलूप, हात लावू नका, बाहेर नेऊ देणार नाही. या संस्थेने त्यांना एकत्र बसवलं. रेकॉर्ड आणा, वाजवा, लेबलवर काय छापलंय ते सांगा, तबकडीवर कोरलेला क्रमांक लिहून घ्या. 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक त्यांनी काढलं. मुंबईच्या 'यंग इंडिया' या देशी रेकॉर्ड कंपनीचा इतिहास आज आपल्याला कळतो तो अशाच कपाटांमधून. एकट्याच्या कपाटात ती फक्त एक काळी तबकडी होती. दुसऱ्याच्या कपाटातली तिच्याशेजारी ठेवल्यावर तिचा इतिहास झाला.

दुसरी गोष्ट तलासरीची. एका दिवाळीत मी तिथल्या एका पाड्यावर गेलो, हातात चारी दिशांचा आवाज टिपणारा छोटा रेकॉर्डर. तारपा ध्वनिमुद्रित करायचा आणि घरी पाच स्पीकरांवर ऐकायचा, हा बेत. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधायला मेण. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि तो जिकडे वळेल तिकडे वळतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमधून हे वेटोळं जगभर पोहोचलं आहे. रेकॉर्डर मी वर्तुळाच्या मधोमध, तारपेवाल्याच्या पायाशी एका दगडावर ठेवला.

घरी येऊन खुर्चीत बसलो. आवाज बिनचूक होता. तारपा कानाशी, पावलं चहूबाजूंनी. आणि मला कसंसंच झालं. मी तारपेवाल्याच्या जागी बसलो होतो. त्या जागेवर उभा राहणारा माणूस छाती फुटेस्तोवर फुंकतो. तिथे बसून ऐकायला जागा कोणालाच नसते. पाड्यावर मधोमध देणारा होता. माझ्या खोलीत मधोमध घेणारा होता.

मी खुर्ची बाहेर काढली आणि सतरंजी घातली. महिन्यातून एका रविवारी शौकिनांनी यायचं ठरलं. एक रिक्षावाला, एक चिकूवाडीवाला, दोन शिक्षक, बोर्डीचा एक पेन्शनर, ज्याच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्ड आहेत. कोणी डेकचा पट्टा बदलतो, कोणी वायरी सोडवतो. मगरिबची अजान झाली की पंधरा-वीस मिनिटं यंत्र बंद असतं. तेवढ्यात मी नमाज उरकतो आणि बाकीचे चहा.

तिथे एकदा तलासरीकडचे एक गुरुजी कॅसेट घेऊन आले. त्यांची आई धवलेरी होती. वारली लग्नांत विधीची गाणी गाऊन लग्न लावणाऱ्या बाईला धवलेरी म्हणतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॅसेट ऐंशीच्या दशकातली, एका साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. मी लावली. आवाज गोधडीआडून यावा तसा. गुरुजींचा चेहरा उतरला, पण ते काही बोलले नाहीत. मी ट्रेबल वाढवली, स्पीकर हलवले. मागे भिंतीला टेकून बसलेला रिक्षावाला म्हणाला, "भाई, ते बी बटण दाबलेलं आहे बघा."

सवयीने दाबलेलं होतं. कॅसेट भरताना डॉल्बी नव्हतंच, म्हणून वाढवलेलं काही नव्हतं. माझा डेक मात्र इमानेइतबारे कमी करत होता, आणि खरखरीसोबत बाईच्या आवाजातली धार कापत होता. चाळीस वर्षांच्या शौकिनाला हे दिसलं नाही, भिंतीपाशी बसलेल्याला दिसलं. मी बटण वर केलं. खरखर भसकन आली, आणि तिच्यासोबत ती बाई आली. श्वास घेताना होणारा आवाज, मागे रडणारं एखादं पोर, बांगड्या.

मी घाईने खरखर कमी करायला हात पुढे केला. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. घर असंच वाजायचं आमचं."

सतरंजीवर त्या दिवशी अकरा माणसं होती. मानकाप्रमाणे बरोबर जागेवर एकही नव्हता. मी दाराजवळ उभा होतो, एका स्पीकरच्या जवळ जवळ मागे. तिथून गुरुजींचा चेहरा दिसत होता.