गोदातीराचे सोळा प्रश्न

महाराष्ट्रांतील बौद्ध धर्माचा इतिहास सांगावयाचा म्हणजे अजिंठा, कार्ले, नाशिक येथील लेण्यांपासून आरंभ करावयाचा, असा जणू संकेतच पडून गेला आहे. या मापानें पाहूं गेल्यास नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या वांट्याला फारसें कांहीं येत नाहीं. औसा तालुक्यांतील खरोशाच्या जांभ्या दगडांतल्या लेण्यांत शैव-वैष्णव शिल्पेंच अधिक. आणि तेर येथें विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले असले, तरी तें गांव धाराशिव जिल्ह्यांत मोडतें. परंतु या भूमीचा एक पुरावा दगडांत नसून ग्रंथांत आहे, आणि श्रोतेहो, आपल्या घरगुती आयुष्याशीं त्याचा संबंध कोणत्याहि लेण्यापेक्षां जवळचा आहे.

पाली भाषेंतील ‘सुत्तनिपात’ या प्राचीन संग्रहाच्या शेवटच्या भागाला ‘पारायणवग्ग’ म्हणतात. त्याच्या प्रास्ताविक कथेंत, अश्मक देशांत गोदावरीच्या कांठीं, वेंचलेल्या धान्यावर व फळांवर निर्वाह करणारा बावरी नांवाचा वृद्ध ब्राह्मण आपणांस भेटतो. अश्मकाची राजधानी पोतन म्हणजे नांदेडच्या सीमेजवळचें, आज तेलंगणांत असलेलें बोधन, असें अनेक अभ्यासक मानतात. प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नोत्तरांच्या मागाहून रचल्या गेल्या, असें पंडितांचें मत आहे. तरीहि त्या रचणाऱ्याला गोदातीर आणि तेथून उत्तरेस जाणारा मार्ग चांगलाच ठाऊक होता, हें उघड आहे.

बावरीनें महायज्ञ करून होतें नव्हतें तें सर्व दान करून टाकलें. तोंच एक याचक दारीं आला आणि त्यानें पांचशें नाणीं मागितलीं. देण्यास कांहींच नाहीं असें कळतांच, ‘सातव्या दिवशीं तुझ्या मस्तकाचीं सात शकलें होतील’ असा शाप देऊन तो निघून गेला. विद्वान बावरीला अन्न गोड लागेना. अखेर बुद्धाची कीर्ति कानीं आल्यावर त्यानें अजित आदिकरून आपले सोळा शिष्य धाडले. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती असा त्यांचा मार्ग कथेंत दिला आहे.

शापाच्या प्रश्नाला बुद्धानें दिलेलें उत्तर विलक्षण आहे. मस्तक म्हणजे अविद्या. आणि तें फोडणारी शक्ति म्हणजे श्रद्धा, स्मृति, समाधि व वीर्य यांनीं युक्त अशी विद्या. ज्या शब्दाचें भय वाटत होतें, तोच शब्द साधनेचें नांव झाला! पुढें प्रत्येक शिष्यानें आपापला प्रश्न विचारला. मनांत वाहणारे लोंढे कशानें आवरतात, असें अजित विचारतो. स्मृति त्यांना आवरते, असें उत्तर मिळतें. येथें स्मृति म्हणजे आठवण नव्हे, तर क्षणोक्षणींची सावधानता. आणि ‘सावधान’ या शब्दाचें वजन मराठी माणसाला सांगावयास नको. धोतक नांवाचा शिष्य संशयांतून सोडविण्याची याचना करतो. संशयग्रस्ताला मी सोडवूं शकणार नाहीं, धर्म जाणून तूं स्वतःच पार होशील, असें त्याला उत्तर मिळतें. ज्याचें त्यानें करावयाचें असें हें काम आहे.

सोळावा शिष्य पिंगिय. तो अतिवृद्ध, दृष्टि मंद, कान जड. गोदातीरीं परतून तो बावरीला सर्व वृत्तांत सांगतो. अशा गुरूला सोडून तूं आलास तरी कसा, या प्रश्नावर तो म्हणतो कीं शरीर थकल्यामुळें मला जातां येत नाहीं, पण मनानें मी रात्रंदिवस त्याच्याच सन्निध असतों. देव्हारा नाहीं, उपदेशक जवळ नाहीं. आहे तें केवळ आपल्या घरीं बसून केलेलें चिंतन.

या प्रश्नोत्तरांचें पुढें काय झालें, हेंहि पाली ग्रंथच सांगतात. वेळुकंटकी नंदमाता ही गृहिणी पहाटे उठून ‘पारायण’ सुस्वर म्हणत असे. आपल्याकडे जात्यावर ओवी म्हणावी तशी! मराठीत पारायण म्हणजे पोथीचें वाचन. येथें मात्र त्याचा अर्थ पैलतीराला जाणें असा आहे.

मधल्या शतकांत ही परंपरा या भागांतून लोपली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरांत) महाविद्यालय काढलें. त्यालाहि बुद्धमतास प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचें नांव मिळालें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास दीक्षा झाली आणि १९५७ सालीं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज वर्षावासांत विहारांतून त्याचें वाचन होतें, आणि जात्यावरच्या ओव्यांतहि बुद्ध व भीमराव आले आहेत. नांदेडजवळ दाभड येथील महाविहाराच्या स्थानाला तर ‘बावरीनगर’ हेंच नांव आहे. पौष पौर्णिमेस तेथें धम्म परिषद भरते.

ही साधना म्हणजे स्वस्थ माणसांचा विरंगुळा, असें मात्र कोणीं समजूं नये. १९७८ सालीं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जळलीं. नांदेड जिल्ह्यांत पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला, तोंपर्यंत जवळजवळ सोळा वर्षें लोटलीं होतीं. ज्यानें आपलें घर जळतांना पाहिलें, त्यानें सर्व प्राणिमात्रांविषयीं मैत्री कशी चिंतावी? हा प्रश्न त्या सोळा प्रश्नांहून सोपा नाहीं. माणसामाणसांतील व्यवहार हाच धम्माचा विषय, असें बाबासाहेबांचें प्रतिपादन होतें. मन सावध ठेवणें म्हणजे अन्याय मुकाट्यानें सोसणें नव्हे. अन्यायाशीं झुंजतांना आपलें मन द्वेषाच्या स्वाधीन होऊं न देणें, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून या जिल्ह्यांचा वारसा शोधावयाचा तो पहाटेच्या अर्ध्या घटकेंत शोधावा. श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ बसावें. दिवसभरांत राग आला, लोभ सुटला, भय वाटलें, तर तें आलें आहे एवढें ओळखावें. पिंगियाला याहून अधिक साधन नव्हतें, आणि तेवढ्यावर त्याचें भागलें.