फडक्याखालचे केस

एखाद्या स्त्रीने आरशात पाहावे आणि आपले केस आपल्याला आवडावेत, यात इतिहास तो कोणता? अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांचे साहित्य वाचताना मात्र आम्हांला जाणवत आले आहे, की त्यांच्या नायिका आरशासमोर कधीच एकट्या नसतात.

१७८६ साली न्यू ऑर्लिन्स स्पेनच्या अमलाखाली होते. गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले : गुलामीत नसलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय स्त्रियांनी केशभूषा मिरवू नये, डोके फडक्याने बांधावे. गुलाम स्त्रियांहून त्या वेगळ्या दिसू नयेत, हा त्यामागील हेतू. स्त्रियांनी फडकी बांधली. परंतु रंगीत, डौलदार गाठींची. कमीपणाची खूण त्यांनी अलंकार म्हणून मिरवली.

झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) या कादंबरीत असेच फडके पुन्हा भेटते. येथे ते बांधायला लावणारा नवरा आहे. तो मरताच जेनी आरशासमोर फडके सोडते आणि आपले केस न्याहाळते. प्रसंग मुक्तीचा खराच. पण जेनीचे केस लांबसडक आहेत, तिच्या वंशात गोरे रक्त आहे, आणि त्या केसांवर गावाचीही नजर आहे. ज्या केसांचे कौतुक कोणीच करीत नाही, त्यांचे काय?

टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय'मध्ये (१९७०) पेकोला ब्रीडलव्ह निळे डोळे मागते. तिची आई पॉलीन जीन हार्लो या नटीसारखी केशरचना करून सिनेमाला जाते. ब्रीडलव्ह हेच मॅडम सी. जे. वॉकर (१८६७-१९१९) यांचे जन्माचे आडनाव. पूर्वी गुलाम असलेल्या मातापित्यांच्या या कन्येने केशप्रसाधनांचा मोठा उद्योग उभारला आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतःची कमाई मिळवून दिली. त्यांच्या पद्धतीत केस सरळ करणारी तापवलेली फणीही होती. तेवढ्यावरून त्यांना दोषी ठरवणे आम्हांला पटत नाही. ज्या समाजात पोट भरायचे, त्याच्या दृष्टीशी तडजोड करणे त्या पिढीला भागच होते.

१९६० नंतरच्या दशकात नैसर्गिक केस हे चळवळीचे निशाण झाले. नोकरीच्या जागी मात्र ते चालेना. १९८१ साली न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने एका विमान कंपनीची वेण्यांवरील बंदी मान्य केली. वेणी जन्मजात नसते, ती सोडता येते, असा त्यामागील तर्क होता. केसांच्या पोतावरून व केशरचनेवरून होणारा भेदभाव राज्याच्या कायद्याने रोखणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य. तेही २०१९ साली. मिरोच्या फर्मानाला तेव्हा २३३ वर्षे झाली होती.

म्हणून वर्गात पेकोला शिकवताना तिला आत्मप्रेमाचा उपदेश करण्याची घाई आपण करू नये, असे आम्हांला वाटते. तिचा आरसा तिने घडवलेला नव्हता. तो कोणी घडवला, हे विद्यार्थ्यांनी आधी विचारावे.