टंचाईची वाटणी : खानदेशातील फड पद्धतीचा एक विचार

असोदा (ता. जळगाव) हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांचा जन्म १८८० चा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंडही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १८९९-१९०० चा महादुष्काळ आला तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. असोदा परिसरातील शेती पाऊस, विहीर आणि मोट यांवर उभी होती. विहीर ज्याची, पाणी त्याचे. ती आटली की संकटही त्याचे एकट्याचेच. पश्चिम खानदेशातील पांझरा खोऱ्याने मात्र पावसाच्या लहरीपणाला वेगळे उत्तर शोधले होते.

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या या नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधून पाट काढले गेले. बंधाऱ्याखालील भिजक्षेत्र म्हणजे ‘थळ’. त्याचे साधारणतः तीन-चार ‘फड’ पाडले जात आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असे. त्यामुळे नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तरी तोटा सर्वांच्या वाट्याला सारखा येई. अभ्यासक बंधाऱ्यांच्या स्थापत्याचे कौतुक करतात. परंतु पद्धतीचा खरा आधार या विखुरलेल्या जमीनधारणेत होता, असे म्हणावे लागते. पाणी पाजणे शेतकऱ्याच्या हाती नसे. ते काम गावाने नेमलेला पाटकरी करी. पाटातील गाळ काढण्यास सर्वांनी जावे, असा दंडक होता.

या व्यवस्थेला आदर्श समतेचे रूप देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. थळात जमीन नसलेल्या मजुराला पाण्यावर हक्क नव्हता. वाटणी होती ती जमीनधारकांपुरती.

स्वातंत्र्योत्तर काळात वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव यांसारखी धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि बंधाऱ्यांवर येणारा नदीचा प्रवाह घटला. विहीर असलेल्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. अनेक थळांत फड मोडले ते केवळ पाण्याअभावी नव्हे, तर एकमेकांवाचून भागू लागले म्हणूनही.

पावसातील खंड आणि अवेळी अतिवृष्टी यांमुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणाऱ्या २००५ च्या राज्य कायद्याने पाणी वापर संस्थांना वैधानिक स्थान दिले. तेथे सभासदाचा पाण्यातील वाटा त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात ठरतो. शेत मात्र एकाच जागी असते, आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचा तोटा मुखाकडील शेतकऱ्याच्या शेतात पोहोचत नाही.