तळटीप : ‘वन स्टेप अहेड’

‘आमचं भिलाई वन स्टेप अहेड’ हे भिलाईतल्या मरोदा भागातील निवेदकाचे पालुपद पोलाद कारखान्याच्या अभिमानातून आले आहे. तुलना अर्थातच राउरकेला (पश्चिम जर्मन साहाय्य) आणि दुर्गापूर (ब्रिटिश) यांच्याशी. भिलाई सोव्हिएत मदतीचे. तारखा मात्र निवेदकाला साथ देत नाहीत. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी राउरकेल्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ३ फेब्रुवारी १९५९ रोजी केले आणि भिलाईच्या भट्टीचे दुसऱ्या दिवशी. (ही एका दिवसाची पिछाडी भिलाईत कोण कशाला सांगेल!) आघाडी मिळाली ती नंतर. तिन्ही कारखान्यांची मूळ क्षमता वर्षाला १० लाख टन. पहिल्या विस्तारात भिलाईची २५, राउरकेल्याची १८ आणि दुर्गापूरची १६ लाख टन झाली. तेव्हा निवेदकाचे म्हणणे प्रारंभाबाबत चूक, वाढीबाबत रास्त. — संपा.