दिवा हातात धरलेली ती बाई

एका हातात पितळी दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, जांभळट साडी आणि खाली झुकलेली नजर. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर नाहीतर एखाद्या दुकानात नक्की पाहिलं असेल. आमच्या गटात विचारलं, "कुणी काढलं?" तर चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, "राजा रविवर्मा!" म्हणून आज हा विषय घेतला.

हे चित्र रविवर्म्यांचं नाही. रविवर्मा 1906 साली वारले आणि हे चित्र 1945-46 मधलं आहे. ते काढलं आपल्या कोकणातल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. जन्म 1882चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, आणि 1908 साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली. मग रविवर्म्यांचं नाव का चिकटलं? त्यांनी 1894 मध्ये मुंबईला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी गेली. तेव्हापासून जुनं, सुंदर, साडीतली बाई असलेलं चित्र दिसलं की लोक त्यांचंच म्हणतात.

आता सावलीकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत, वाड्यांच्या भिंतींवर किंवा पोथ्यांमध्ये, माणसाच्या तोंडावर सावली नसायची. चेहरा बहुतेक एका बाजूने काढलेला, उजेड सगळीकडे सारखा. ती काही कमतरता नव्हे, ती पद्धतच वेगळी होती. 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं आणि युरोपातली रीत शिकवली जाऊ लागली. समोर माणूस बसवायचा, उजेड कुठून येतो ते बघायचं आणि तसंच काढायचं. तिकडे हॉलंडमध्ये रेम्ब्रांट नावाच्या चित्रकाराने सोळाशेच्या शतकातच अंधारातून अर्धाच चेहरा उजळलेली माणसं रंगवली होती.

हळदणकरांनी एकच दिवा घेतला. हा प्रयोग तुम्ही घरी करून बघा. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा संधी भरपूर! निरांजन छातीजवळ धरून आरशासमोर उभ्या राहा. रोज सूर्याचा उजेड वरून येतो, इथे तो खालून येतो. हनुवटी, ओठ, नाकाची खालची बाजू उजळते आणि कपाळ अंधारात जातं. ज्योतीपुढे हात धरा, बोटांच्या कडा लालसर दिसतील. चित्रातही बोटं तशीच आहेत. आम्हाला विचाराल तर सगळं चित्र त्या बोटांत आहे.

आणि हे जलरंगात, कागदावर केलेलं आहे. तेलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच कोरा ठेवायचा असतो. म्हणजे सगळ्यात जास्त उजेड जिथे हवा, तिथे हात लावायचाच नाही. रांगोळी काढताना मधली जागा मोकळी ठेवतो ना, तसं. पण रांगोळी पुसता येते, हे नाही.

आता त्या बाईविषयी. ती कुणी देवी नाही, ती हळदणकरांची मुलगी गीता. वडिलांनी तिला दिवा देऊन सुमारे तीन तास उभं केलं होतं. हातात पेटता दिवा, मान झुकलेली, हलायचं नाही. आपल्यापैकी ज्यांनी उभ्याने शंभर भाकऱ्या थापल्यात त्यांना तीन तास म्हणजे काय ते कळेल. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या. चित्राला 'ग्लो ऑफ होप' म्हणतात, म्हणजे आशेचा उजेड. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. सहलीला म्हैसूरला जाणाऱ्या गटांनी तिथे जरूर थांबावं आणि कुणी रविवर्म्यांचं नाव घेतलं तर थेट हळदणकरांचं सांगावं.

बरीच वर्षं लोकांनी चित्र ओळखलं, बाई ओळखली नाही. 2018 साली 2 ऑक्टोबरला कोल्हापुरात गीताताई वारल्या, वयाच्या 102व्या वर्षी. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या नावासह बातमी छापली, आणि सोबत तेच चित्र.