कथेतला कुमार पिता

‘कुमारी माता’ हा शब्द मराठीत सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘कुमार पिता’ मात्र कानाला खटकतो. मूल दोघांचे, पण बोल लागला तो एकीलाच. ही गोष्ट केवळ आपल्या भाषेची नव्हे. अमेरिकेतील किशोरवाङ्मयाचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर तेथेही ह्या मुलग्याला कथेत जागा मिळण्यास बराच काळ लागला असे दिसते.

१९६७ साली ॲन हेड ह्या लेखिकेची ‘मिस्टर अँड मिसेस बो जो जोन्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सोळा वर्षांची जुलै आणि सतरा वर्षांचा बो जो, दिवस राहिल्यामुळे घाईने लग्न करतात. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते व दगावते. ही हकीकत सांगते ती जुलै. बो जो नवरा म्हणून दिसतो. मूल वाढवण्याची पाळी त्याच्यावर येतच नाही. १९६९ मध्ये पॉल झिंडेल ह्यांच्या ‘माय डार्लिंग, माय हॅम्बर्गर’मधील शॉन तर बापाच्या सल्ल्याने लग्नाचा बेत मोडतो आणि लिझला बेकायदा गर्भपाताला सामोरे जावे लागते. मुलग्याने लग्न करावे, नाही तर अंग काढून घ्यावे. तिसरी वाट ह्या कथांना दिसत नव्हती.

ती कायद्यालाही फारशी दिसत नव्हती. इलिनॉय राज्यात आई वारली, की अविवाहित बापाची मुले, त्याची लायकी न तपासताच, सरकारच्या ताब्यात जात. १९७२ मध्ये ‘स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय’ ह्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही रीत घटनाविरोधी ठरवली. पुढे पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, जेनेट आयर्ली ह्यांच्या ‘हीज माय बेबी, नाऊ’चा सोळा वर्षांचा नायक मूल दत्तक जाऊ नये म्हणून धडपडतो. निकालामुळेच कादंबरी लिहिली गेली असे आम्ही म्हणत नाही; परंतु दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: बाप कशाने होतो, लग्नाने की सांभाळाने?

ह्या प्रश्नाला सर्वांत सरळ भिडली ती अँजेला जॉन्सन ह्यांची ‘द फर्स्ट पार्ट लास्ट’ (२००३). न्यूयॉर्कमधला बॉबी हा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. बाळंतपणातील झटक्यांनी निया कायमची बेशुद्ध होते आणि दत्तक द्यावयाची ठरलेली फेदर तो स्वतःजवळ ठेवतो. तो थकतो, चुकतो. एकदा बाळ शेजारी ठेवून भिंत रंगवीत बसतो आणि पोलिसांच्या हाती सापडतो. आई त्याच्यावर माया करते, पण बाळाचे करणे त्याच्यावरच सोडते. २००४ मध्ये ह्या छोट्या पुस्तकाला प्रिंट्झ व कॉरेटा स्कॉट किंग हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

आता आपल्याकडे पाहू. बालविवाहाच्या काळात असे बाप काही विरळा नव्हते. गांधीजींचा विवाह तेराव्या वर्षी झाला, आणि ते सोळा वर्षांचे असताना त्यांचे पहिले मूल जन्मून थोड्याच दिवसांत गेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलग्याच्या लग्नाचे वय अठरा केले. परंतु एकत्र कुटुंबात पाळण्याची दोरी आजीच्या हाती असे. पोरसवदा बापाला मूल उचलावेच लागत नसे. आपल्याला शब्द सुचला नाही, त्याचे एक कारण हेही असावे. मुलग्याला दोष देण्यापुरता हा शब्द घडवण्यात काही हशील नाही. त्याच्या हाती मूल देऊन, त्याच्या पाठीशी उभे राहावयाची तयारी असेल, तरच तो मराठीत रुजेल.