कॅरव्हॅनच्या खिडक्या आणि वाटेवरचे खडे

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराला ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन म्हणतात. त्याची चासी, भिंती आणि जोडणीचा दांडा धक्के सोसण्याच्या बेतानेच बांधलेला असतो. खिडकी असते ती उजेडासाठी आणि बाहेरचे दिसावे म्हणून. तरी प्रवासात पहिला मार तिलाच बसतो, कारण पुढची खिडकी मोटारीच्या मागच्या चाकांसमोर, उडणाऱ्या खड्यांच्या वाटेत येते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत रस्ते बदलले, वेग वाढला, काचेच्या जागी प्लास्टिक आले. खिडकी फुटण्याचे प्रमाण घटत गेले. पण फुटली तर बदलणे अवघड होत गेले. तिच्या संरक्षणाचा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो.

घोडे जुंपण्याच्या काळात हा प्रश्न साधा होता. ब्रिटनमधले रोमानी लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडी घरगाड्यांत राहू लागले. रेडिंगसारख्या गावांत या गाड्या बांधणारे नामांकित कारखाने होते. खिडक्या लहान असत आणि त्यांना बाहेरून लाकडी झडपा असत. घोड्याच्या चालीने जाणाऱ्या गाडीवर समोरून खडा येऊन आपटण्याचे भय नव्हते. धोका होता तो रस्त्याकडेच्या फांद्यांचा आणि खाचखळग्यांतून बसणाऱ्या हादऱ्यांचा. गाडी पिळवटली की चौकट तिरकी होई आणि काच तडकत असे. मात्र काच सपाट आणि साधी असल्याने वाटेतल्या कोणत्याही गावात ती कापून बसवता येई.

हौसेखातर घरगाडीतून फिरण्याची सुरुवात विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यापासून धरली जाते. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि १८८५ साली ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत ती नेली. पुढच्या वर्षी त्यांचे प्रवासवर्णनही आले. जवळपास दोन टनांची ही गाडी दोन घोडे ओढत. रस्ता अरुंद असल्याने पुढची वाट पाहायला त्यांचा नोकर तिचाकी सायकलवरून आधी जाई. खिडक्यांची काळजी तेव्हा वाट निवडण्यातच सामावलेली होती. १९०७ साली कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला, तेव्हाही बहुतेक सभासद घोड्यांच्याच गाड्या वापरत.

मोटार आल्यावर धोका पुढच्या बाजूला सरकला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरव्हॅन विक्रीसाठी बनवायला घेतल्या. ब्रिटनमध्ये १९०३ ते १९३० या काळात मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती, त्यामुळे खड्याचा तडाखा अजून बेताचा होता. पण रस्त्यांची घडण त्याला पोषक होती. मॅकॅडम पद्धतीचे खडीचे रस्ते लोखंडी धावेच्या चाकांखाली दाबले जात; मोटारीच्या रबरी टायरांनी मात्र त्यांतली धूळ आणि बारीक खडी उधळू लागली. १९०२ साली एडगर पर्नेल हूली यांनी डांबर आणि खडी एकत्र करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे धुळीचा त्रास कमी होत गेला. खडे मात्र उरलेच. डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरण्याची डागडुजी ब्रिटनमध्ये आजही उन्हाळ्यात होते आणि कॅरव्हॅनचा हंगामही तोच. नव्याने पसरलेली खडी पक्की बसेपर्यंत त्या पट्ट्यात वेग कमी ठेवण्याच्या पाट्या लागतात.

१९२० आणि १९३० च्या दशकांतल्या कॅरव्हॅन दिसायला छोट्या बंगल्यांसारख्या असत. काहींच्या खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान काचा असत, छपराच्या मधल्या उंचवट्यालाही काचेच्या खिडक्या असत. एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येई. मोठ्या सलग काचेला ती सोय नव्हती. तुकडे अंगावर येण्याच्या धोक्यावर उपाय मोटारींच्या जगातून आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून तुकडे न विखुरणारी काच तयार केली आणि १९०९ साली तिचे पेटंट घेतले. अशी काच तडकली तरी जागेवर राहते. पण ती जड पडते, आणि कॅरव्हॅनमध्ये वाढवलेला प्रत्येक किलो मोटारीला ओढावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर यांच्या ‘स्प्राइट’सारख्या स्वस्त कॅरव्हॅनमुळे हा छंद मध्यमवर्गात पोचला. १९५९ साली एम-१ महामार्गाचा पहिला मोठा टप्पा खुला झाला आणि लांबचे पल्ले वेगाने कापता येऊ लागले. इथे गणित खिडकीच्या विरोधात जाते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ३० ऐवजी ६० मैलांनी जाणारी खिडकी रस्त्यावर उसळलेल्या खड्यावर आदळली, तर तडाखा दुप्पट नव्हे, चौपट बसतो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याला त्याचा स्वतःचाही वेग असतो.

यातून वाट काढली ती अ‍ॅक्रिलिकने. हे पारदर्शक प्लास्टिक १९३० च्या दशकात जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ आणि ब्रिटनमध्ये ‘पर्स्पेक्स’ या नावांनी बाजारात आले आणि युद्धकाळात लढाऊ विमानांच्या वैमानिक-कक्षांना वापरले गेले. काचेच्या निम्म्याहून कमी घनतेमुळे चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच सुमारे दहा किलो भरते, तेवढेच अ‍ॅक्रिलिक पाच किलोच्या आत बसते. म्हणजे एका काचेच्या वजनात अ‍ॅक्रिलिकचे दोन पदर मावतात आणि मधल्या हवेमुळे आतली ऊबही टिकते. १९७० च्या दशकात तेलसंकटाने इंधन महागल्यावर वजन आणि ऊब या दोन्हींना किंमत आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस दुपदरी प्लास्टिकच्या खिडक्या ब्रिटिश कॅरव्हॅनमध्ये रूढ झाल्या.

फुटणे कमी झाले, पण दुखणी बदलली. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा खूप मऊ असते. धुळीने माखलेली खिडकी कोरड्या फडक्याने पुसली की फडक्यातलेच कण तिच्यावर बारीक रेघा पाडतात; म्हणून आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी लागते. पेट्रोल किंवा स्पिरिट लागले तर पृष्ठभागावर कोळिष्टकासारख्या भेगा उमटतात, त्यामुळे डांबराचे डाग काढताना काचेसाठीची सवय महागात पडते. या खिडक्या वरच्या कडेला बिजागरीने टांगलेल्या आणि बाहेर उघडणाऱ्या असतात. त्यांच्या खिटीला अनेकदा दोन खाचा असतात: एक पूर्ण बंद करण्याची, दुसरी रात्री थोडी हवा खेळावी म्हणून फट ठेवण्याची. दुसऱ्या खाचेत अडकवलेली खिडकी मुक्कामावर बंदच वाटते. महामार्गावर मात्र वारा फटीत शिरून तिला उचलतो आणि बिजागरीसकट उखडून नेतो. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक खिटी हाताने दाबून पाहणे हा संरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

ऑस्ट्रेलियात प्रश्न अधिक बिकट होता. दक्षिण किनाऱ्याजवळून देश ओलांडणारा आयर महामार्ग १९७६ साली, तर मध्यातून उत्तर-दक्षिण जाणारा स्टुअर्ट महामार्ग १९८७ साली पूर्ण डांबरी झाला. आतले असंख्य रस्ते अजूनही मातीचे आहेत. तिथे पुढच्या खिडकीवर बिजागरीची कडक ढाल बसवण्याची रीत पडली. प्रवासात ती खाली पाडून अडकवायची, मुक्कामाला वर उचलून तिचाच छज्जा करायचा. अमेरिकेतही अशा ढाली सर्रास दिसतात. पण कडक पृष्ठभागाने नवी अडचण आणली: मोटारीच्याच चाकाने उडवलेला खडा ढालीवर किंवा जोडणीच्या सांगाड्यावर आपटून उलटा येतो आणि मोटारीची मागची काच फोडतो. त्यामुळे जोडणीच्या भागात तिरकी जाळी लावण्याची पद्धत आली. लवचीक जाळी खड्याचा जोर शोषून घेते आणि त्याला खाली पाडते.

ब्रिटनमध्ये डांबरी रस्त्यांमुळे ढालींची फारशी गरज पडली नाही. तिथे कापडी आवरण रुजले. जाड, पाणी अडवणाऱ्या कापडाच्या कडेला दोरी शिवलेली असते. तंबूचा मांडव लावण्यासाठी कॅरव्हॅनच्या कडेने असलेल्या पन्हळीत ती दोरी सरकवतात आणि खालून पट्ट्यांनी ताणून बसवतात. आतल्या बाजूला मऊ अस्तर असते. आवरण खडे, डांबराचे शिंतोडे, किडे आणि हिवाळ्यातले मीठ अडवते. पण ते सैल राहिले किंवा आत धूळ अडकली, तर वाऱ्याने फडफडणारे कापडच खिडकी घासून काढते. म्हणून आधी खिडकी धुऊन मगच आवरण चढवायचे असते. पुढची खिडकी झाकली की आरशातून कॅरव्हॅनच्या आरपार मागचे दिसणे बंद होते, आणि सगळी भिस्त मोटारीच्या बाजूंना जोडलेल्या लांब आरशांवर येते.

आज ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला महामार्गावर ताशी ६० मैलांची मुभा आहे आणि पुढच्या खिडक्या पूर्वीपेक्षा मोठ्या, वक्राकार झाल्या आहेत. अशी खिडकी साच्यात घडवलेली असते; ती कापून मिळत नाही, त्याच साच्यातली आणावी लागते. मॉडेल बंद पडले की नवी मिळणे दुरापास्त होते आणि मालकांना मोडीत काढलेल्या कॅरव्हॅनच्या आवारात जोडीची खिडकी शोधावी लागते. आवरणाचा आणि ढालीचा खर्च परवडतो तो याच कारणाने.